खालचा सूर

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी माझी एक चाल गायले आणि भाचा गिटार घेऊन साथीला बसला. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, पाण्याच्या टाकीला टेकवलेला भाड्याचा स्पीकर, दुधाच्या पातेल्याभोवती मुलांची गर्दी, आणि चंद्र समोरच्या नव्या टॉवरमागे अडकलेला. गाणं साधंच. ध्रुवपदाची शेवटची ओळ मी पुन्हा घेतली, 'ये' या शब्दावर षड्ज, म्हणजे सा, लावून थांबले, आणि त्या षड्जाखाली भाच्यानं असं काही वाजवलं की मी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो डोळे मिटून बसलेला. सूर माझाच होता, जागेवर होता, कणभरही ढळला नव्हता. पण ओळ बदलली होती. टाळ्या जरा उशिराच आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चष्मा काढून पुसत होत्या. "अगं, पोटात कालवलं," म्हणाल्या. मी हसून थँक्यू म्हटलं, दुधाचा पेला घेतला, चारोळी दाताखाली येत राहिली, आणि डोक्यात एकच घोळत होतं: पोटात कालवावं असं त्या ओळीत मी काही ठेवलंच नव्हतं.

कविताही माझीच. ऐवज नेहमीचा, संध्याकाळ, दिवा, वाट बघणं. गीतकार पी. सावळाराम ज्या गावचे नगराध्यक्ष होते त्या गावात राहून कविता करायची तर थोडं दबकूनच करावी लागते, म्हणून मी त्यांना 'गाण्याचे शब्द' म्हणते. शेवटची ओळ अशी आहे: 'उशीर झाला तरी चालेल, ये.' लिहिताना डोळ्यांसमोर आमचंच स्वयंपाकघर होतं. रात्रीच्या कर्जत गाडीनं येणारं माणूस, त्याचं ताट झाकून ठेवलेलं, भात कुकरमध्येच, आमटीखालचा गॅस बंद केलेला पण आमटी अजून कोमट. रेल्वेचा काही घोळ झाला असणार हे गृहीत. म्हणजे वाट बघण्यात काळजी फार नाही, सवय जास्त. येणारा येणारच आहे, फक्त दिवा स्टेशनच्या गाडीला पुढे काढत असतील. म्हणून चाल भूप रागात बांधली आणि शेवट सरळ षड्जावर आणून ठेवला. माझ्या ओळीतला माणूस येणार होता. गिटारच्या त्या एका कॉर्डनं, एकदम वाजलेल्या तीन सुरांनी, तो न येणारा करून टाकला.

"मी काही केलं नाही मावशी, तू गायलीस तेच आहे. मी खाली फक्त मायनर दिला, उदास वाटणारा कॉर्ड," भाचा गिटार कव्हरमध्ये घालताना म्हणाला. फक्त!

मी शिकले पेटीवर. घंटाळीच्या देवळाजवळ बाईंची खोली होती, शहाबादी फरशीची, पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि तानपुऱ्याची जवार बिघडायची. पेटीत डावा हात भात्यावर अडकलेला, उजवा एकटाच मोकळा, त्यामुळे चाल वाजवायची तर एका वेळी एकच सूर, फार तर सा आणि प एकत्र दाबून धरायचे. चालीखाली आणखी काही असू शकतं, ही कल्पनाच तिथे नव्हती. खाली तानपुरा असायचा आणि तो बदलत नसायचा. बाईंचा पेटीवर राग नव्हता पण विश्वासही नव्हता. "गंधार पेटीतला घेऊ नकोस, तानपुऱ्यातला घे," म्हणायच्या. तेव्हा ते नुसतं सोवळं वाटायचं. पुढे कळलं की त्यात हिशेब आहे. खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाच्या, तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो षड्जापासून 386 सेंटवर असतो (पूर्ण सप्तकाचे 1200 सेंट), आणि पेटीच्या पट्टीतला, सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडल्यामुळे, 400 सेंटवर. चौदा सेंटांचा फरक. ऐकणाऱ्याला तो दाखवता येत नाही, पण गाणाऱ्याचा गळा त्यावर अडखळतो. आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं, त्याच्या कारणांत ही ठाशीव स्वरांची तक्रार होतीच. आणि गिटारच्या दांडीवर ठोकलेले फ्रेट काही वेगळं करत नाहीत. तिथेही तेच बारा सारखे तुकडे.

पण त्या तानपुऱ्याचंच आता मला नवल वाटतं. प, सा, सा, आणि खर्ज. त्या खर्जातून वर तरंगणारा गंधार धरला तर सा, ग, प तिन्ही झाले. गिटारवाला ज्याला मेजर म्हणतो तो कॉर्ड बाईंच्या खोलीत तासन्‌तास चालू होता आणि आम्ही त्याला शांतता समजत होतो. भूप, यमन, बिलावल अशा रागांना तो अलगद पोटात घ्यायचा. मालकंसाला पंचम नाही म्हणून बाई पहिली तार मध्यमात उतरवून घ्यायच्या, खुंटी पिळताना ओठ घट्ट मिटून. मारव्यालाही पंचम नाही, तिथे तार निषादात किंवा धैवतात. म्हणजे रागाखाली काय वाजलं की राग सुखात राहतो, याचा विचार आपल्याकडेही होताच. एकदा ठरवलं की तो राग संपेपर्यंत तानपुरा हलत नसे, एवढंच. गिटारवाला दर चार मात्रांनी हलतो.

शाळेत असताना रविवारी सकाळी क्लास सुटला की मी मासुंदा तलावाच्या बाजूनं, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चवरून घरी यायचे. आत गाणं चालू असलं की फाटकाशी रेंगाळायचे. शब्द कळत नसत, पण एक गोष्ट खटकायची आणि तिच्यासाठीच मी थांबायचे: सगळे एकच गात नव्हते. वरची बायकांची ओळ मला बरोबर पकडता यायची. तिच्याखाली कुणीतरी दुसरीच वाट धरलेली, आणि अगदी तळाशी पुरुषांचे जाड आवाज, जे बराच वेळ एका सुरावर बसून राहायचे आणि मग अचानक एक पायरी उतरायचे. ते उतरले की वरच्या ओळीचा रंग पालटायचा. वरच्या बायकांनी तर काहीच केलेलं नसायचं. मी घरी येऊन पेटीवर ती वरची ओळ वाजवून बघायची. सूर सगळे बरोबर यायचे आणि गाणं यायचं नाही. आई म्हणायची, "काय ते खुळ्यासारखं एकच वाजवतेस?"

रेडिओवरची सिनेमाची गाणी ऐकतानाही हेच व्हायचं, फक्त तेव्हा कारण माहीत नव्हतं. संगीतकार पेटीवर चाल सांगे आणि शेजारी बसलेला गोव्याचा अरेंजर कागदावर बाकीचं सगळं लिहून काढी. शंकर-जयकिशनांकडचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि 1958 मध्ये रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून मुंबईत सादर केल्या. ही माणसं चर्चमध्ये वाढलेली, लहानपणापासून कानावर चार आवाज पडलेले. चालीत त्यांनी ढवळाढवळ केली नाही, पण चालीखालची जमीन त्यांनी ठरवली. तबकडीवर नाव संगीतकाराचं. आपण पन्नास-साठ वर्षं ज्या गाण्यांच्या चालींचे गोडवे गातोय, त्यातल्या किती ठिकाणी आपल्याला चाल आवडलीय आणि किती ठिकाणी चालीखालचा तो उतरणारा व्हायोलिनचा किंवा चेलोचा सूर, हे सोडवून सांगणं मला तरी जमत नाही. मुखडा गुणगुणताना तो खालचा सूर आपल्या डोक्यात आपोआप वाजतो, आणि श्रेय आपण गळ्याला देतो.

कोजागिरीनंतरच्या रविवारी भाच्याला मी पोहे करून घातले आणि समोर बसवलं. पेटी काढली. मी काळी चारमध्ये गाते, त्यानं गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि जी-चे आकार धरले. "आता सांग, कसं ठरवतोस?" त्यानं खांदे उडवले. ऐरोलीला कॉम्प्युटरपुढे बसून काम करणारा मुलगा, गिटार यूट्यूबवर शिकलेला, स्वरांची नावं आमच्यासाठी सारेगम, त्याच्यासाठी आकडे. पण कान तयार आहे. म्हणाला, "तू गा. मी आधी फक्त खालचा सूर शोधतो." आणि खरंच, कॉर्ड न वाजवता नुसती जाड तार छेडत बसला. मी ओळ गात राहिले, तो एकेक सूर लावून बघत राहिला, काही लगेच टाकले, काहींवर मान डोलावली. मला वाटलं होतं तो माझ्या प्रत्येक सुराला काहीतरी जोडेल. नवशिके तसंच करतात म्हणे, प्रत्येक सुराला एक कॉर्ड, आणि मग गाणं दर पावलाला ठेचकाळतं. यानं माझ्या मुरक्यांकडे लक्षच दिलं नाही. ग-रे-ग अशी मी जी जागा घोळवून घेते ती त्याच्या हिशेबात एकच सूर, गंधार. येताजाता लागलेला रिषभ त्यानं सोडून दिला. "तो तर रस्त्यात भेटला," म्हणाला. त्याला हवी होती ती थांबण्याची ठिकाणं: कुठल्या सुरावर मी रेंगाळते, केरवा तालाच्या समेवर काय येतं, पाचव्या मात्रेला 'खाली' येते, टाळी न देता हात रिकामा सोडतात, तिथे काय येतं. आम्ही ज्याला न्यास म्हणतो तेच तो शोधत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही, उगीच शेफारला असता.

मग त्यानं एक गणित मांडलं, ते मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुठलाही एक सूर घे, साध्या सप्तकात तो तीन कॉर्डांत सापडतो. षड्ज घेतला तर सा-ग-प मध्ये तो पाया, म-ध-सा मध्ये तो माथा, आणि ध-सा-ग मध्ये तो मधला. म्हणजे तू 'ये' म्हणून सा वर थांबलीस की माझ्यापुढे तीन दारं आहेत, तो म्हणाला. पहिलं उघडलं की घरी आलो. दुसरं उघडलं की अजून जायचंय. तिसरं उघडलं की... त्यानं ते वाजवूनच दाखवलं. गच्चीवर वाजवलेलं तेच.

मी मधलं दार लगेच बंद केलं. म-ध-सा मध्ये मध्यम येतो आणि भूपात मध्यम नाही. "पण तू म गातच नाहीयेस, मी वाजवतोय," तो म्हणाला. बरोबर होतं त्याचं, आणि तरी कानाला सहन होईना. गळ्यानं पाळलेलं पथ्य वाद्यानं मोडायचं, हे मला अजूनही पचत नाही. पंचमावरच्या कॉर्डाचीही तीच गत, तिथे निषाद घुसतो. तो त्यानं गुपचूप काढून टाकला, नुसते प आणि रे ठेवले, आणि ते छान वाटलं. मग बसून आम्ही मोजलं तर भूपाच्या पाच सुरांत पूर्ण बसणारे कॉर्ड निघाले दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. एक मेजर, एक मायनर. दोन्हींत सा आहे, दोन्हींत ग आहे. फरक फक्त पंचम की धैवत एवढाच.

इथे मला एकदम बाई आठवल्या. कंटाळलेल्या दुपारी त्या आम्हाला मूर्च्छनांचा खेळ शिकवायच्या. भूपाचेच पाच सूर, फक्त षड्ज दुसरीकडे मानायचा. गंधाराला सा म्हटलं की मालकंस. पंचमाला म्हटलं की दुर्गा. रिषभाला म्हटलं की मधमाद सारंग. आणि धैवताला सा म्हटलं की धानी. पट्ट्या त्याच, बोटं तीच, आणि खोलीतली हवा दुसरी. मी पेटीवर धैवत धरला आणि त्याच्यापासून मोजत वर गेले: तीन पट्ट्यांवर माझा षड्ज. म्हणजे धैवताला पाया मानलं तर माझा हा सरळ, समाधानी, घरी पोचलेला षड्ज म्हणजे कोमल गंधार. गच्चीवर मी सा लावत होते आणि ऐकणाऱ्यांना कोमल गंधार ऐकू येत होता. काकूंच्या पोटात कालवणारच.

ठाणे स्टेशनात गाडीत बसलेलो असतो, आपली गाडी उभी, आणि शेजारच्या फलाटावरची फास्ट हलते. क्षणभर पोटात गोळा येतो, वाटतं आपणच निघालो. खिडकीतून खांब दिसेपर्यंत खरं काय ते कळत नाही. माझ्या षड्जाचं तेच झालं होतं. तो जागचा हलला नव्हता. बाजूची गाडी हलली होती.

हे कळल्यावर राग जायला हवा होता. गेला नाही. भाच्यानं मूर्च्छना केली होती आणि त्यासाठी त्याला मूर्च्छना हा शब्दही लागला नव्हता, याचं कौतुक वाटलं, आणि आपल्या ओळीचा अर्थ कुणीतरी आपल्या देखत, आपल्याच तोंडून बदलून घेतला, याचा ठसकाही राहिला. चाल बांधणाऱ्याला वाटतं, शब्द कुठे दुखावा आणि कुठे निवावा हे आपण सुरांतून सांगितलंय. तसं ते सांगितलेलं नसतं. एकट्या सुरावर दोन-तीन अर्थ लोंबकळत असतात, खाली काय येतं त्यावर एक पक्का होतो. तानपुऱ्यावर तो बराच काळ मोकळा राहतो, गाणारा त्याला हळूहळू आपल्या बाजूला ओढतो. कॉर्ड आला की निकाल लागला. म्हणून मला वाटतं, कॉर्ड देणारा हा साथीदार नसतोच, तो गाण्याचा अर्धा कवी असतो, आणि त्याला कविता वाचून दाखवल्याशिवाय गिटार हातात घेऊ देऊ नये. भाच्यानं माझे शब्द वाचले होते का? "हो, व्हॉट्सॲपवर पाठवले होतेस ना. मला वाटलं ती वारलीय." कोण? "जिला ये म्हणतेस ती." मी आमटीचं सगळं सांगितलं. तो हसला, पण म्हणाला, "हे कुठे लिहिलंयस?"

यावर मला उत्तर देता आलं नाही, आणि देणारही नाही. कवितेत आमटी घालायची नसते.

दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर गर्दीतून चालताना आता कान दुसरीकडेच जातो. गेल्या दिवाळीत एका मांडवात नाट्यगीत चाललं होतं, गळा चांगला होता, आणि मागे की-बोर्डवाला दर दोन मात्रांना जाडजूड कॉर्ड दाबत होता. गाणारी मींड घेत पंचमावरून गंधाराकडे उतरत होती आणि ती पोचायच्या आत हा पुढच्या कॉर्डवर जाऊन बसलेला. मींड म्हणजे दोन सुरांच्या मधली सगळी जागा. त्या जागेला कुठलाच कॉर्ड नसतो, तिथे साथीनं श्वास धरून थांबायचं असतं. थांबणं शिकवणारा व्हिडिओ यूट्यूबवर मिळतो का, भाच्याला विचारायला हवं. ज्या रागांत कोमल रिषभाचं आंदोलन आहे, भैरवासारखे, तिथे तर हे फारच उघडं पडतं. भैरवाचा रिषभ डुलतो, पेटीचा आणि गिटारचा डुलत नाही, आणि दोन्ही एकदम वाजले की आपलाच गळा खोटा वाटायला लागतो. अशा ठिकाणी मी सरळ सांगते, सा आणि प धर, गंधार गाळ, आणि गप्प बस. गंधार काढला की कॉर्ड मेजर उरत नाही आणि मायनरही. पेटीवरची माझी जुनी सवय, फक्त आता कारण सांगता येतं.

माझ्या त्या ओळीखालीही आम्ही हे करून पाहिलं. 'ये'वर नुसते सा-प. न्याय दोघांना सारखा झाला आणि गाणं कोरडं पडलं. मग पहिल्या वेळी माझा मेजर आणि शेवटच्या वेळी त्याचा मायनर असंही केलं, तर ते नाटकात शेवटी दिवे मंद करतात तसलं काहीतरी वाटायला लागलं, मुद्दाम. शेवटी ठरवलं काहीच नाही. तो साथीला असला की 'ये' त्याच्या पद्धतीनं संपतं, मी महिला मंडळात पेटीवर गाते तेव्हा माझ्या. काकूंनी दोन्ही ऐकलंय. त्यांना दुसरं 'जरा सपाट' वाटतं. त्यांचे यजमान रात्रीच्या गाडीनंच यायचे, वर्षानुवर्षं. आता नाहीत. हे माझ्या डोक्यात गच्चीवर आलंच नव्हतं.

सध्या उलटं चाललंय. त्यानं मला आव्हान दिलं: आधी मी कॉर्ड देतो, तू त्यावर चाल बांध. ठाण्याहून ऐरोलीला जाताना गाडीतूनच त्यानं ते पाठवले, मागे पुढच्या स्टेशनची घोषणा ऐकू येतेय. चार कॉर्ड, प्रत्येकी आठ मात्रा, पुन्हा पहिल्यापासून. सलील चौधरी आसामच्या चहामळ्यात वडिलांच्या पाश्चात्त्य तबकड्या ऐकत वाढले, त्यांच्या चाली ऐकताना वाटतं की चाल आणि खालचे कॉर्ड त्यांच्या डोक्यात एकदमच जन्मत असणार. माझ्या डोक्यात तसं काही जन्मत नाही. पहिले काही दिवस मी भांडी घासताना तो लूप लावून ठेवायचे आणि गळ्यातून निघायचं ते सगळं कुठल्या ना कुठल्या जिंगलसारखं. दर आठ मात्रांनी कुणीतरी ढकलतंय असं वाटायचं. चाल पुढे जायची ती तिला जायचंय म्हणून जात नव्हती.

त्यातले कॉर्ड असे: सा-ग-प, मग ग-प-नी, मग म-ध-सा, आणि चौथा म, कोमल ध, सा. तिसऱ्या आणि चौथ्यात फक्त धैवत बदलतो, शुद्धाचा कोमल होतो, बाकी दोन सूर जागेवर. मी एका सकाळी देवासमोर निरांजन लावताना लक्ष न देता गुणगुणत होते, तर गळा आपोआप शुद्ध धैवतावरून कोमल धैवतावर आला आणि तिथून पंचमावर उतरला. दोन्ही धैवत पाठोपाठ, असे लागून! बाईंनी खोलीबाहेर काढलं असतं. थोडा वेळ मी नटभैरवाचं नाव पुढे करून स्वतःची समजूत घातली, कारण तिथे शुद्ध रिषभ-गंधाराबरोबर कोमल धैवत असतो, पण शुद्ध धैवताचं काय, त्याला कुठलं नाव देणार? नाव नाही मिळालं आणि जागा सोडवेना. एकटी पेटी घेऊन बसले असते तर त्या दोन पट्ट्यांवर माझी बोटं अशी कधीच गेली नसती. ती जागा त्या चौथ्या कॉर्डनं दाखवली, हे मान्यच करायला हवं.

फक्त तिथे आठ मात्रा पुरत नाहीत. कोमल धैवतावर थोडं बसायचं, त्याचा पंचम व्हायला वेळ द्यायचा, आणि नेमकं तेव्हाच लूप उडी मारून पहिल्या कॉर्डवर येतो. मी भाच्याला निरोप रेकॉर्ड करून पाठवला, गाऊनच, की चौथा कॉर्ड सोळा मात्रा धर, बाकीचे आठच राहू देत. त्याचा फोन आला. म्हणाला, मावशी, मग चार सारखे भाग राहत नाहीत, लूप मोडतो.

मोडू दे म्हटलं. आणि खर्जातला म तेवढा जोरात लाव.